धाकट्याने उचलावे

डिचोलीच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल.
सव्वीस वर्षं इथे बसून मी माणसांचे हिस्से टाइप करते :
एक अष्टमांश, एक चोविसांश,
एकदा तर एक छेद एकशे अठ्ठावीस,
ज्यात माड बसला, त्याची सावली बसली नाही.

आदेलहाइड बाई आली ती घरभाड्याच्या कागदासाठी.
नार्व्याला नदीकाठी खोली घेतलेली,
वय एकोणऐंशी, आणि नाव
रकान्यात मावेना इतकं लांब.
म्हटलं, ह्यात आडनाव कुठून सुरू होतं?
म्हणाली, एका राज्यापासून. ते आता नाही.

इतक्यात वीज गेली.
प्रिंटर ‘सदर बाई’वर थांबला.

मग तिने माझ्याच टेबलावर आपलं घराणं मांडलं.
हा स्टेपलर, थोरल्याचा डोंगर.
ही दोन खोडरबरं मधल्याची गावं,
मधल्याला पुन्हा तीन मुलगे, म्हणून ब्लेडने कापली
(माझी खोडरबरं, मी काही बोलले नाही).
स्टँपपॅडचं झाकण म्हणजे जकात नाकं.
राज्य पिढीगणिक असं बारीक होत गेलं
की गाय एका राज्यात चरायची,
दुसऱ्यात रवंथ करायची,
तिसऱ्यात दूध द्यायची
आणि शेणावर कर मागायला चौथ्याचा शिपाई.
मुलगे सगळे योहान. नुसते आकडे वेगळे.
म्हटलं, कळलं. सर्व्हे नंबर योहान,
पोटहिस्सा नऊ-ब.

आणि मुलींना?
चमचे, ती म्हणाली. चांदीचे.

आमच्याकडे लेकीला लेकाइतकंच, मी सांगितलं,
पोर्तुगीज घाईत गेले
तेव्हा छत्रीसारखा हा कायदा इथेच विसरले.
ती हसली नाही. समोरच्या बाकाकडे बघत राहिली.

बाकावर सगुण गांवस, नरसिंव गांवस,
मध्ये दोन माणसांची जागा सोडून चंद्रावती.
एका कुळागरासाठी सात वर्षं.
ह्या तारखेला चिठ्ठ्या.

बाई म्हणाली, आमच्यात एक नियम होता,
थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा.
अगं, हा आमचा! मी ओरडलेच.
तिला वाटलं, मी थट्टा करते.
‘भाऊबंदकी’ हा शब्द तिला समजावताना
मी भाऊ सांगितला, बंद सांगितला,
पुढे मला येईना.

एकच गोष्ट त्यांनी वाटली नाही, चांदीची खाण.
कुलूप एक, किल्ल्या चार.
वर्षातून एकदा चौघे यायचे,
न बोलता मोजून न्यायचे.
चांदी संपली त्या वर्षापासून
कुणी कुणाला पाहिलं नाही.

खाण म्हणजे काय, हे आम्हाला सांगावं लागत नाही.
झेरॉक्सवाल्याच्या छपरावरून दिसतो
पलीकडचा लाल खड्डा,
माझ्या लहानपणी तिथे चढ होता.

चंद्रावतीने चिठ्ठी उचलली. धाकटी, म्हणून आधी.
उघडली नाही. पदरात खोचून माझ्याकडे आली :
बाय, वर एक ओळ घाल,
पाट वाटू नये.
पाणी जातं तसं जाऊ दे.
सगुण म्हणाला, ते कागदात नको, आम्ही काय परके?
ती म्हणाली, कागदातच हवं.
नरसिंव नखं बघत होता.

वीज आली. ‘सदर बाई’च्या पुढे
प्रिंटरने लांबलचक नाव ओढलं,
ते समासात घुसून शिक्क्याखाली गेलं.
आदेलहाइड बाईने चाळीस रुपये मोजून दिले,
सुट्ट्या नाण्यांत.

संध्याकाळी मी राज्य बिस्किटांच्या डब्यात भरलं :
गावांचे तुकडे, जकात नाकं, एक वाकडी टाचणी
जी बहुतेक कुणी योहान असावी.
टेबलाखाली पाहिलं, गटाराच्या कडेला पाहिलं,
झेरॉक्सवाल्याला दोनदा विचारलं.
थोरल्याचा डोंगर काही सापडला नाही.